जास्परमधलं चित्र कोण काढतं?

प्रश्न असा आला आहे: नागपुरातल्याच एका प्रदर्शनातून चांदीत जडवलेलं 'पिक्चर जास्पर'चं पेंडंट घेतलं. खाली तपकिरी टेकड्या, वर फिकट आभाळ, टेकडीच्या खांद्यावर एक काळं झाड. भाऊ म्हणतो, "हे छापलेलं आहे, गोट्यात झाड काऊन येईल?" तर हे खरं असू शकतं का? खरं असेल तर दगडात असं चित्र तयार कसं होतं? एकाच नावाचा खडा एकीकडे दोनशेला आणि दुसरीकडे वीस हजाराला कसा? आणि आजोळच्या शेतात, काटोल रोडकडे, सापडलेला मुठीएवढा लाल गोटा कापून घेण्यात अर्थ आहे का?

ताई, मी भूशास्त्र शिकलो, पण पोट भरलं ते गोटे कापून. 26 वर्षं झाली. त्यामुळे उत्तर थोडं पुस्तकाचं आणि बरंचसं चाकावरचं असेल. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे दगडाला गोटाच म्हणतात, सुपारीएवढा असो की डोक्याएवढा.)

पहिले भावाचं पाहू, कारण त्याचा संशय बिनबुडाचा नाही. छापील खडे बाजारात आहेत, रंगवलेले तर फारच आहेत. पेंडंट उलटं करा. मागची बाजू उघडी असेल तर काम सोपं. टेकडीची एखादी ठळक रेघ निवडा आणि समोरून कडेपर्यंत, कडेवरून मागे, अशी नजरेनं तिच्या मागे जा. खऱ्या खड्यात रेघ कड ओलांडते आणि मागच्या बाजूला जरा सरकलेल्या जागी पुन्हा भेटते. कारण मुळात ती रेघ नाहीच. दगडातून तिरका गेलेला तो एक पातळ थर आहे, आपल्याला त्याची फक्त कापलेली कड दिसते. छापलेल्या खड्यात रेघ कडेवर येऊन संपते. झाड मात्र मागे दिसलं नाही तर लगेच भावाला जिंकू देऊ नका, त्याचं कारण पुढे सांगतो. कोंदण मागून बंद असेल तर दहापट भिंगातून पाहा. छपाईत ठिपके दिसतात, खऱ्या दगडात रंग एकमेकांत विरत जातो आणि मधेमधे बारीक काचेसारख्या शिरा चमकतात. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या कोपऱ्यात पुसून पाहा. बोळा रंगला तर रंगवलेला माल आहे.

आता मूळ गोष्ट. हिरा, माणिक, पुष्कराज घ्यायला गेलात की सराफ भिंग लावून आत काही परकं दिसतं का ते बघतो. दिसलं की ऐब, आणि भाव खाली. जास्परचा हिशेब बरोबर उलटा. जास्पर म्हणजे क्वार्ट्झच, आपल्या गारगोटीच्याच कुळातला, पण पोटात गाळ घेतलेला. चिकणमाती, राख, लोखंडाचा गंज, मॅंगनीज असं परकं द्रव्य त्यात 20 टक्क्यांपर्यंत असू शकतं. हा गाळ काढून टाकला तर उरेल पांढुरकी, अर्धपारदर्शक कॅल्सेडनी, म्हणजे अतिबारीक कणांचं क्वार्ट्झ, जिला चांदीच्या वाटीतही कोणी फारसं विचारणार नाही. ऐब हाच इथे माल आहे.

त्यातले क्वार्ट्झचे कण इतके बारीक की साध्या डोळ्याला, भिंगालाही सुटे दिसत नाहीत. ते एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून जास्परला ठरावीक दिशेने फुटायची सवय नसते. फुटला तर बाटलीच्या काचेसारखा, शिंपल्याच्या आकारात फुटतो. कठिणता मोजपट्टीवर साडेसहा ते सात, म्हणजे चाकूच्या पोलादाला भारी. याच गुणांमुळे अश्मयुगातल्या माणसानं त्याची पाती काढली आणि याच गुणांमुळे आज त्यावर आरशासारखं पॉलिश बसतं. गाळामुळे उजेड आरपार जात नाही, म्हणून अपारदर्शक. तरी कॉलेजात आम्ही तो काचपट्टीवर 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासायचो, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली त्यातूनही उजेड यायचा आणि लाल ढग तरंगताना दिसायचे. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशीच नोकरीचा नाद सुटला असावा.

गाळाचा दगड कसा होतो? बहुतेक वेळा कुठेतरी ज्वालामुखी असतो. ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काच, आणि काच पाण्यात हळूहळू सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो ते द्रव्य, सोडते. पाणी गरम असेल तर लवकर. हे सिलिकानं भरलेलं पाणी गाळात, राखेच्या थरात, लाव्हातल्या पोकळ्यांत मुरतं. पाणी थंडावलं किंवा त्याचा आम्लपणा बदलला की सिलिका खरवसासारखी घट्ट होते. या अवस्थेत ती मऊ, ओलसर असते, तिच्यातून क्षार फिरू शकतात. मग पाणी निघत जातं, सिलिका आधी ओपलसारखी आणि शेवटी क्वार्ट्झसारखी बसते. यात काळ किती जातो ते परिस्थितीवर आहे, पण चित्र काढायचं बहुतेक काम खरवस ओला असतानाच उरकलेलं असतं.

रंग लोखंडाचे. गंज कोरडा, म्हणजे हेमेटाइट असेल तर लाल. गंजात पाणी धरलेलं, म्हणजे गोएथाइट असेल तर पिवळा ते तपकिरी. पिवळी माती वीटभट्टीत जाऊन लाल होऊन येते ते हेच: पाणी उडालं, गोएथाइटचं हेमेटाइट झालं. गुजरातेत खंभातचे कारागीर पिवळट अकीक (अगेट, कॅल्सेडनीचाच प्रकार) भाजून लालभडक करतात तेही हेच. हिरवा रंग क्लोराइट, सेलाडोनाइट अशा लोखंड धरलेल्या खनिजांचा, काळा बहुधा मॅंगनीजचा.

आता तुमच्या टेकड्या. पिक्चर जास्परमधले पट्टे दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि खड्यात ते बऱ्याचदा एकमेकांवर चढलेले असतात. पहिली वाट सरळ आहे: गाळ थराथरानं साचला, तसाच दगड झाला, थर तसेच राहिले. दुसरी वाट गमतीची. जिथे थर कधी नव्हतेच, तिथे लोखंडानं स्वतःच रेघा ओढल्या.

1896 मध्ये लीझेगांग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं जिलेटिनच्या पातळ थरात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून वर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. रंगाचा एकच डाग पसरायला हवा होता. त्याऐवजी थेंबाभोवती वर्तुळामागे वर्तुळ उमटत गेलं, मधे मोकळी जागा सोडून. ओल्या सिलिकेत लोखंडाचं पाणी मुरतं तेव्हा असंच घडतं. पाणी पुढे सरकतं, लोखंड साठत साठत एका मर्यादेपर्यंत येतं आणि मग एकदम खाली बसतं. बसताना आजूबाजूचं लोखंडही ओढून घेतं, म्हणून लगतची पट्टी रिकामी राहते. पुढे गेल्यावर पुन्हा साठतं, पुन्हा बसतं. मोजून आखल्यासारख्या रेघा, आणि आखणारा कोणी नाही. डोळ्यासमोर आणायचं असेल तर जून संपल्यावर तुमच्या कूलरची टाकी पाहा. पाणी आटत गेलं तसतशा क्षारांच्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या असतात. प्रक्रिया तीच नाही, पण थांबत थांबत पुढे जाणाऱ्या पाण्याची सही कशी दिसते ते कळतं.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एक गोष्ट बघतो. गाळाचे थर भेगेपाशी तुटतात, सरकतात. लोखंडाच्या रेघा भेगेला वळसा घालतात, कारण पाणी त्या भेगेतूनच आत आलेलं असतं. भेगेभोवती कमानीमागे कमानी दिसल्या की समजायचं, या टेकड्या लोखंडानं काढल्या आहेत. तुमच्या पेंडंटमध्ये टेकड्यांच्या कमानी आणि आडवं आभाळ दोन्ही असेल, तर दोन्ही वाटा एकाच खड्यात आहेत.

आणि झाड. ते झाड कधीच झाड नव्हतं, जीवाश्मही नाही. मॅंगनीजचं पाणी एखाद्या केसाएवढ्या फटीत शिरतं आणि तिथे त्याचे काळे स्फटिक फांद्या फोडत वाढतात, खिडकीच्या काचेवर दव गोठून पिसं उमटावीत तसे. नागपूरकरांना मॅंगनीज नवं नाही. मनसर, कांद्रीच्या खाणी रामटेकच्या वाटेवरच आहेत, आणि तिकडच्या खडकांच्या फटींतही अशी काळी झुडपं दिसतात. पण हे झाड फटीच्या सपाटीत वाढतं, त्याला जाडी जवळपास नसते. कापणाऱ्यानं पातं अर्धा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे धरलं असतं तर तुमच्या टेकडीवर झाडच आलं नसतं. म्हणून ते मागे दिसणार नाही. भावाला झाडाचा सगळ्यात जास्त संशय आला हे बरोबरच आहे, कारण एवढी नेमकी जागा नशिबानं मिळत नाही, कोणीतरी शोधून काढावी लागते.

ठिपक्यांचे, डोळ्यांचे जास्पर हे वेगळं घराणं. सिलिका एखाद्या कणापासून सुरू होऊन चहूकडे सुयांसारखे तंतू सोडत वाढली की गोल गोळा होतो. मध्येच पाण्यातलं लोखंड बदललं तर गोळ्याला वेगळ्या रंगाचं कवच चढतं. शेजारचे गोळे वाढत वाढत एकमेकांना भिडले की साबणाच्या फेसासारख्या सरळ भिंती तयार होतात. मादागास्करच्या वायव्य किनाऱ्यावरचा 'ओशन जास्पर' असाच. तिथला जुना साठा किनाऱ्यालाच होता आणि ओहोटीलाच हाती लागायचा. अमेरिकेतल्या आयडाहोत ब्रूनो नदीच्या दरीतला जास्पर रायोलाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेल्या लाव्हाच्या पोकळ्यांत भरलेला, पॉलिश केल्यावर चिनीमातीच्या बशीसारखा गुळगुळीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातला मूकाइट तर समुद्री जिवांच्या सिलिकेच्या सूक्ष्म सांगाड्यांचा गाळ आहे. तुकडे तुकडे होऊन पुन्हा सिलिकेनं सांधलेला 'ब्रेशिएटेड' जास्परही मिळतो. दिसतो छान, पण कापताना सांध्यावर दगा देतो, एवढंच त्याच्याबद्दल सांगेन.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर केलंय ते ओरेगॉनमधल्या 'बिग्ज' जास्परनं, आणि त्याचं कारण नागपूर आहे. तिकडे कोलंबिया नदीच्या खोऱ्यात बेसॉल्ट, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणासारख्या लाव्हाचे थरावर थर आहेत, साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचे. एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत चिखल बसला, मग दुसरा लाव्हा येऊन त्या चिखलावर पसरला. त्या दाबलेल्या, भाजलेल्या, सिलिका प्यायलेल्या चिखलाचा बिग्ज झाला. 1964 च्या पुरानं माती वाहून गेली तेव्हा तो उघडा पडला आणि नावारूपाला आला.

आता आपल्याकडे या. दख्खनचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा. आपल्या भागात त्याची पूर्वेची कड नागपुरातच संपते. सीताबर्डीची टेकडी ही त्या लाव्हाची. इथेही लाव्हांच्या मधे तळी होती, तळ्यांत चिखल होता, आणि वरून दुसरा लाव्हा आला. आजची पोलीस लाइन टाकळी ज्यांनी फक्त ट्रॅफिकमधून पाहिली आहे, त्यांना सांगून पटत नाही, पण टाकळीचे हे तळ्याचे थर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहेत. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या दशकात तिथून गोगलगायींचे शंख, बिया, फळं असे जीवाश्म गोळा केले. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पाण्यात बुडून वारले. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला असाच तळ्याचा थर सिलिकेनं इतका भरला की त्यातल्या झाडांच्या पेशी, फळांचे आडवे छेद जसेच्या तसे दिसतात. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी त्यावर काम केलं.

म्हणजे घडण बिग्जचीच. मग आपल्याकडे बिग्जसारखी चित्रं काऊन नाहीत, हे मला विद्यार्थी नेहमी विचारतात. आपल्या त्या दगडाला पुस्तकात चर्ट म्हणतात. चर्ट आणि जास्पर यांच्यात कुंपण नाही. लोखंड जास्त, रंग दाट, की लोक जास्पर म्हणायला लागतात. आपल्या तळ्यांच्या थरांत चुना आणि जीव जास्त, लोखंडाच्या नक्ष्या कमी, असा माझा हाताखालचा अनुभव. करडा, काळपट, मधाच्या रंगाचा माल पुष्कळ निघतो. कापला की टेकड्या दिसत नाहीत, पण एखाद्या पाटीत, म्हणजे कापलेल्या पातळ चकतीत, नखाएवढा शंख आडवा कापला जातो आणि त्याच्या कप्प्यांत स्वच्छ कॅल्सेडनी भरलेली असते. मी त्याला बिग्जपेक्षा कमी मानत नाही, गिऱ्हाईक मानतं.

लाल जास्पर मात्र आपल्याकडे सापडतो. बेसॉल्टच्या पोकळ्यांतून सुटलेले अकीक, जास्पर नदीत घरंगळत येतात. कन्हानच्या वाळूत मला बरेच मिळाले. माझी पहिली मोठी चूकही तिथल्याच गोट्यावर झाली. लाल, पोटात पिवळी शीर, नारळाएवढा. मी तो सरळ मधोमध, लांबीत कापला, जास्त पाट्या निघतील म्हणून. दोन्ही बाजूंना नुसते समांतर पट्टे, चादरीच्या काठासारखे. हळहळत टोकाचा तुकडा आडवा कापला तर त्यात एकात एक गुंडाळलेली, कांद्यासारखी वलयं निघाली. अळूवड्यांचा उंडा डोळ्यासमोर आणा. आडवा कापला तर चक्रं, उभा कापला तर पट्ट्या, आणि उंडा एकच. माझ्या हाती टोकाएवढीच चक्रं उरली होती. तेव्हापासून मी मोठा काप घ्यायच्या आधी कोपऱ्यात एक लहान काप घेतो, तो ओला करतो, आणि एखादा दिवस तसाच ठेवतो.

कापायची रीत थोडक्यात सांगतो, कारण किमतीचं उत्तर त्यातच आहे. हिऱ्याची कणी लावलेल्या पात्यावर पाच-सहा मिलिमीटरची पाटी काढतात. पातं स्वतःच मिलिमीटरभर माल खातं, म्हणजे दोन पाट्यांमधलं एक चित्र कायमचं पाण्याबरोबर जातं. पाटी ओली करून तिच्यावर लंबगोल भोकांची प्लास्टिकची पट्टी सरकवत बसायचं. हे काम दिसायला रिकामटेकडं आहे. घरच्यांना तर हमखास तसंच वाटतं. अर्धा इंच डावीकडे घेतलं की टेकडीला उतार येतो, जरा फिरवलं की पाऊस पडायला लागतो. क्षितिज बरोबर मधोमध आलं की चित्र मरतं, ते खाली किंवा वर ढकलावं लागतं. झाड कडेपासून किती आत असावं याचा नियम नाही, पण चूक लगेच कळते. जागा ठरली की पितळेच्या टोकदार काडीनं आखायचं, पेनची शाई पाण्यात धुऊन जाते. मग कडा छाटायच्या, लाखेनं काडीवर चिकटवायचं, आणि 80 च्या चाकापासून 220, 600, 1200, 3000 असं चढत जाऊन (आकडा वाढेल तशी चाकाची कणी बारीक) शेवटी चामड्यावर सीरियम ऑक्साइडची पॉलिश पूड. 220 चा एक ओरखडा राहिला तरी तो थेट पॉलिशमध्ये वर येऊन बसतो. मग सगळं पुन्हा. खडा झाला की नाही हे ट्यूबलाइटखाली कळतं: ट्यूबची प्रतिमा खड्यावर सरळ रेघेत यायला हवी. जिथे ती थरथरते तिथे मऊ गाळ होता आणि तो शेजाऱ्यापेक्षा जास्त झिजलाय.

हे सगळं पाण्याखाली करायचं, कोरडं कधीच नाही. सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांतला सिलिकोसिस हा जुना, नोंदलेला आजार आहे. घरी ड्रिलला चाक लावून "थोडंसंच" घासणारे मुलगे मला भेटतात, त्यांना मी दुकानातून हाकलतो.

दोनशेचा खडा म्हणजे मोठ्या गोट्याच्या पाट्यांवर आंधळेपणानं साचा मारून यंत्रात घोळवलेला माल. वीस हजाराच्या खड्यात तीन गोष्टींपैकी निदान दोन असतात: अशा जागेचा माल की जिथून आता नवीन निघत नाही; एकही भेग किंवा खड्डा नसलेला, घट्ट बारीक पोत; आणि जागा शोधणाऱ्याची नजर. वजनाला किंमत नाही. तुमचं चित्र मनाला भिडलं असेल आणि कडांची तपासणी पास झाली असेल, तर किती दिले यावर रात्री जागू नका.

नजरेबद्दल एक सांगायचं राहिलं. वर कोणती बाजू हे दगडाला माहीत नसतं. एका गिऱ्हाइकाला पाटीत फुटाळा तलावाची संध्याकाळ दिसली. त्यांच्या सासूबाईंनी तीच पाटी उलटी धरली तर त्यांना रामटेकचा गड दिसला. दुकानात पंधरा मिनिटं वाद. शेवटी मी दोन्ही बाजूंना कडी लावून दिली.

नावांपासून मात्र सावध. 'जास्पर' हे नाव आता नक्षीदार दिसणाऱ्या कशालाही चिकटवतात. 'डाल्मेशियन जास्पर' हा जास्पर नाही, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला अग्निजन्य खडक आहे. 'लेपर्डस्किन' म्हणजे रायोलाइट. हे घालायला हरकत नाही, फक्त जास्परचा भाव देऊ नका. पिवळा-काळा 'बंबलबी जास्पर' इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा, बहुतांशी चुन्याचा, आणि त्याचा पिवळा-नारिंगी रंग गंधक आणि आर्सेनिकच्या खनिजांचा. तो घासणं सोडा, ओला करायला जिभेवर लावायची आम्हा गोटेवाल्यांची जी वाईट सवय असते, तीही इथे चालणार नाही. आणि निळे-जांभळे, हिरवेगार 'इंपीरियल' म्हणून मणी विकतात, त्यातला पुष्कळसा रंग टाकून राळेनं बांधलेला माल असतो. मी स्वतः फसलोय. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून किलोभर आणला, पहिला काप घेतला आणि कटरच्या टाकीतलं पाणी फाउंटन पेनच्या शाईसारखं निळं झालं. त्यानं फोन उचलला नाही. ती टाकी मी तीनदा धुतली तरी पुढचे दोन पांढरे खडे फिकट निळे निघाले.

आता आजोळचा गोटा. काटोल रोडकडे सगळा बेसॉल्टचा मुलूख आहे, तेव्हा लाल गोटा जास्पर असू शकतो. पण आधी त्याला साधी परीक्षा द्या. दोन लाव्हांच्या मधे भाजलेली लाल माती आपल्याकडे असते, तिला बोल म्हणतात. ती दिसायला जास्परसारखी लाल, पण चाकूनं ओरखडते आणि ओला हात लावला की बोट लाल होतं. नदीत घासून गोल झालेली वीटही लोक माझ्याकडे मोठ्या आशेनं आणतात. भिजवली की पाणी पिते. जास्पर चाकूला दाद देत नाही, उलट चाकूचीच करडी रेघ त्याच्यावर उमटते. कुठे टवका उडालेला असेल तर तो भाग मेणासारखा गुळगुळीत दिसतो.

आणखी एक. काटोल रोडनंच माहूरझरी आहे. तिथे फार जुन्या काळी मणी घडवायचं मोठं केंद्र होतं; 1970 ते 72 मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं. अकीक, कार्नेलियन (लाल अकीक), जास्पर, स्फटिक यांचे मणी, अर्धवट घडवलेले तुकडे तिथे निघाले. तुमचं शेत त्या अंगाला असेल तर गोट्याकडे नीट पाहा. कुठे भोक पाडायला सुरुवात केल्याची खूण, चारी बाजूंनी ठरवून टवके काढल्यासारख्या कडा, असं काही दिसलं तर माझ्याकडे आणू नका, कोणाकडेच कापायला देऊ नका. जिथे सापडला ती जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला दाखवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं सुरू केलेलं काम आपल्या पात्यानं संपवायचं नसतं.

तसं काही नसेल तर गोटा घासून धुवा, बादलीत रात्रभर ठेवा, सकाळी उन्हात वाळत घाला. वरून सुकल्यावरही ज्या रेघा ओल्या, काळपट राहतात त्या भेगा. त्या सगळीकडून जात असतील तर कापू नका, टेबलावर ठेवायला चांगला आहे. एक-दोनच असतील तर घेऊन या. कापणारा कोणीही असो, त्याला आधी फक्त कोपऱ्यातला एक लहान काप घ्यायला सांगा आणि तो घेताना समोर बसा. पट्टे निघाले तर पुढचा काप त्याच्याशी काटकोनात घेऊन बघायचा. वलयं निघाली तर हात थांबवायचा, आणि कोणतं वलय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं.